निक ड्रेकचा उजवा अंगठा

निक ड्रेक 25 नोव्हेंबर 1974 रोजी गेला, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. तीन अल्बम त्याच्या नावावर होते आणि त्यातल्या एकाच्याही तेव्हा पाच हजार प्रती खपल्या नव्हत्या. आज गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणाऱ्या इंग्रजी गायकांत त्याचं ऋण न मानणारा विरळाच. ही कीर्ती त्याच्या हक्काचीच आहे. पण ती ज्या वाटेने आली, त्या वाटेने त्याच्या कलेवर अन्यायही केला, असं मला ठामपणे वाटतं. लोकांच्या मनात राहिला तो देखणा, अबोल, उदास मुलगा. नैराश्यावरच्या औषधाने झालेला त्याचा मृत्यू अपघात होता की आत्महत्या, यावर पानंच्या पानं लिहिली जातात. त्याचा उजवा हात काय करत होता, यावर मात्र फार थोडं.

‘पिंक मून’ या अल्बमचं शीर्षकगीत घ्या. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या सुरावरून चांगलीच खाली उतरवलेली आहे. अंगठा त्या खालच्या तारांवर एकसारखा चालतो आणि बाकीची बोटं वर वेगळीच गुंफण करत राहतात. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला इथे खर्ज लगेच ओळखू येतो. मोकळ्या तारांची आस एका ओळीतून दुसऱ्या ओळीत वाहत जाते, म्हणूनच एकटी गिटार इतकी भरलेली वाटते. त्याहून अवघड काम ‘रिव्हर मॅन’मध्ये आहे. हे गाणं पाच मात्रांचं, म्हणजे झपतालाच्या निम्म्या आवर्तनाचं. गिटार तो ठेका शेवटपर्यंत सोडत नाही, आणि गळा मात्र त्यावर रेलून, मागे रेंगाळत, मात्रांच्या मधूनच शब्द टाकत जातो. समेवर यायची त्याला घाईच नाही. एकाच माणसाने एकाच वेळी हे दोन्ही सांभाळायचं, याला रियाजच लागतो. नुसत्या उदासीने असला हात तयार होत नाही.

या पद्धतीची किंमतही त्याला मोजावी लागली. गाण्यागणिक तारा वेगळ्या लावायच्या, त्यामुळे मंचावर दोन गाण्यांच्या मध्ये बराच वेळ तारा जुळवण्यात जाई. श्रोते गप्पांना लागत. काही काळाने त्याने कार्यक्रम करणंच सोडलं. मोठेपणी तो गातानाचं एकही चलच्चित्र उपलब्ध नाही, त्यामुळे त्याच्या तारा कशा लावलेल्या होत्या, हे पुढच्यांना ध्वनिमुद्रणं ऐकत ऐकतच शोधावं लागलं.

हे संगीत आलं कुठून? निकचा जन्म 1948 मध्ये रंगूनचा. वडील रॉडनी हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनीअर होते. आई मॉली पियानोवर स्वतःची गाणी रचून गात असे, ती घरातल्या घरात. तिची ती घरगुती ध्वनिमुद्रणं या शतकात प्रसिद्ध झाली आणि निकच्या गाण्यातली अनपेक्षित स्वरवळणं एकदम ओळखीची वाटू लागली. त्याच्या चरित्रात आईला आईपुरतीच जागा मिळत आली. खरं तर ती त्याची पहिली गुरू.

शिवाय तो समजला जातो तसा दुबळा नव्हता. 1969 च्या ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’साठी निर्माते जो बॉइड यांनी एका अनुभवी संयोजकाला बोलावलं होतं. विशीतल्या निकने ते वाद्यसंयोजन नाकारलं आणि केंब्रिजमधला आपला विद्यार्थी-मित्र रॉबर्ट कर्बी याचं नाव पुढे केलं. कर्बीच्या ‘वे टू ब्लू’त गिटार अजिबात नाही, फक्त तंतुवाद्यं आणि गळा. आपल्याला काय हवं आणि काय नको, हे नेमकं ठाऊक असलेल्या कलावंताचा तो निर्णय होता.

दुसरा अल्बम ‘ब्रायटर लेटर’ मला अर्धाच पटतो. ड्रम आणि पितळी वाद्यांच्या गर्दीत गळा दबतो. ‘नॉर्दर्न स्काय’ हा त्याला सुंदर अपवाद.

मग ‘पिंक मून’. ऑक्टोबर 1971 मधल्या दोन रात्री, सोबत फक्त ध्वनिमुद्रक जॉन वुड, अकरा गाणी, गिटार आणि गळा, आणि एकाच गाण्यात पियानोची छोटी ओळ. हा अल्बम कोसळत्या मनाची रोजनिशी म्हणून ऐकायची रीत पडली आहे. ती मला मान्य नाही. इथला हात आधीच्या दोन्ही अल्बमपेक्षा स्थिर आहे. 1974 मध्ये तो पुन्हा स्टुडिओत आला, तेव्हा त्याला एकाच वेळी वाजवणं आणि गाणं जमेना. आधी गिटार, मग आवाज, असं वेगवेगळं ध्वनिमुद्रण करावं लागलं. आजाराने काय हिरावलं, ते इथे कळतं. ते ऐकताना जीव तुटतो.

1999 मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजलं आणि खप एकदम वाढला. त्यानंतर आलेल्या वारसदारांच्या पिढीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. ओठांना चिकटलेला माईक, थरथरता आवाज, शब्द अर्धवट गिळलेले आणि खाली तेच चार सोपे कॉर्ड. निकचा आवाज मंद होता, पण थरथरता नव्हता. त्याचे शब्द स्वच्छ आहेत. कुजबुज उचलली, कारागिरी राहून गेली. त्याला खरं समजून घेतलं ते वेगळ्याच वाटेच्या लोकांनी. जाझ पियानोवादक ब्रॅड मेल्डाऊने ‘रिव्हर मॅन’ शब्दांशिवाय वाजवलं आणि त्या पाच मात्रा तशाच भक्कम उभ्या राहिल्या. 2023 च्या ‘द एंडलेस कलर्ड वेज’ या आदरांजलीच्या संग्रहात डब्लिनच्या फाँटेन्स डी.सी. या बँडने ‘चेलो साँग’ दणदणीत आवाजात वाजवलं, आणि ते गाणं तेही पेलतं.

त्याला प्रथमच ऐकणाऱ्यांनी सुरुवात ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’पासून करावी. मग मॉलीची गाणी ऐकावीत. ‘पिंक मून’ सर्वांत शेवटी, आणि सलग ऐकावा. 28 मिनिटंच लागतात.