बाळू पालवणकर : कसब आणि कथा

एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र लोकांच्या तोंडी झाले म्हणजे त्याला न्याय मिळाला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु चरित्र लोकप्रिय होताना त्यातील सांगण्यास सोपा भाग पुढे येतो आणि समजण्यास कठीण भाग मागे पडतो. डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर यांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे, असे आम्हांस वाटते. मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात त्यांना चहा देत असत, ही हकीकत आज पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांचा चेंडू कसा घडला, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

बाळू यांचा जन्म १८७६ साली चर्मकार समाजातील एका फौजी शिपायाच्या घरी झाला. पुण्यास पारशी खेळाडूंच्या मैदानावर झाडलोट करण्याबद्दल त्यांस महिना तीन रुपये मिळत. पुढे गोऱ्या साहेबांच्या क्लबात चार रुपयांवर ते रुजू झाले. तेथे खेळपट्टी राखावी, जाळे बांधावे आणि साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकावा, हे त्यांचे काम. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. आपणांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचा त्यांचा वायदा होता, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर ग्रेग यांचे आठ बळी म्हणजे एक महिन्याचा पगार! मात्र फलंदाजीस बोलाविण्याचा प्रसंग त्या क्लबात त्यांच्यावर कधी आला नाही. बॅट धरणे हा साहेबांचा विलास आणि चेंडू टाकणे हे नोकराचे कष्ट, अशी ही वाटणी होती. या धंदेवाईक कष्टांतूनच बाळू यांची कला उपजली. एकाच फलंदाजास रोज शेकडो चेंडू टाकणाऱ्यास त्याच्या पायाची हालचाल आणि मनाची अधीरता ही दोन्ही आपोआप वाचता येऊ लागतात. चेंडूची उंची, गती आणि वळण यांत सूक्ष्म फरक करण्याचे शिक्षण बाळू यांनी असे पगारी विद्यार्थ्याप्रमाणे घेतले.

ही गोष्ट ध्यानात ठेवून ‘लगान’ या २००१ सालच्या चित्रपटाकडे पाहावे. त्यातील कचरा या पात्रात अनेकांना बाळूंची छाया दिसली आहे. कचऱ्याचा हात अधू आहे आणि त्या व्यंगामुळेच त्याचा चेंडू वळतो. नायक ते हेरतो आणि गावाचा विरोध मोडून त्यास संघात घेतो. प्रसंग हृद्य आहे, त्यामागील हेतूही निर्मळ आहे; पण येथे कसबाचे श्रेय दैवाला आणि प्रवेशाचे श्रेय नायकाच्या उदारपणाला गेले, आणि कष्ट करणाऱ्याच्या वाट्यास केवळ आपली कीव उरली. पुणे-सोलापूर मार्गावरील कासुर्डीसारख्या गावी शेताच्या कडेला चेंडू वळविण्याचा यत्न करणाऱ्या एखाद्या मुलाने यातून काय घ्यावे? वळण देवाने द्यावे आणि संधी कोणी मोठ्याने द्यावी, हेच ना? बाळूंचे खरे चरित्र याच्या उलट शिकविते.

रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या इंग्रजी ग्रंथाने बाळूंस विस्मृतीतून बाहेर काढले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र त्या ग्रंथाचा विषय समाजाचा इतिहास हा आहे. कसबाची चिकित्सा हा त्याचा मुख्य हेतू नव्हे. गुहा यांनी ज्यांचा आधार घेतला त्यांत बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे १९४८ सालचे आत्मचरित्रही आहे. खेळाडूने आपल्या खेळाविषयी मराठीत स्वतः बोलावे, ही गोष्ट आमच्या वाङ्मयात दुर्मिळ आहे. म्हणून ते पुस्तक मराठी घरांत पुन्हा वाचले जावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय पिचर वर्णभेदामुळे मोठ्या संघांबाहेर राहिला आणि १९४८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यास तेथे प्रवेश मिळाला. तोवर त्याचा ऐन उमेदीचा काळ निराळ्या संघांतच सरला होता. बाळूंचे दुःख निराळे. त्यांस मैदानात येऊ दिले, पण मैदानाबाहेर दूर ठेवले. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियन संघास १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला आणि बहुतेक सामने हरला. त्याच दौऱ्यात पस्तिशीच्या बाळूंनी ११४ बळी घेतले, प्रत्येकी सरासरी १९ धावांहून कमी मोलात. एवढे होऊनही हिंदू संघाच्या कर्णधारपदी त्यांची नेमणूक कधीच झाली नाही. तो मान १९२३ साली विठ्ठल यांस मिळाला.

अन्यायाची कथा सांगूच नये, असे आमचे म्हणणे नाही. मातीचे भांडे विसरणे हा दुसरा अन्याय होईल. परंतु त्या भांड्याने ज्याची ओळख करून द्यावयाची तो मनुष्य आधी थोर गोलंदाज होता, हे ध्यानात घेतल्यावाचून अन्यायाचे मापही कळत नाही. कर्णधारपद कोणाला नाकारले, हे ठाऊक असेल तरच नाकारणाऱ्यांचा कोतेपणा पुरता दिसतो. बाळूंचा जो चरित्रकार पुढे मराठीत होईल, त्याने चहाच्या प्रसंगाआधी जाळ्यातील त्या सरावाचे प्रकरण लिहावे. वाचकाच्या मनात कीव न येता आदर यावा, यासाठी तेवढे पुरे आहे.