झिरोचे थोरपण आणि परतीचा प्रश्न

लढाऊ विमानांवरचे बहुतेक लेखन एका तक्त्याभोवती फिरते. कमाल वेग, पल्ला, तोफा, चढाईचा दर. तक्त्यात जे वरचढ, ते विमान थोर. हा निकष किती अपुरा आहे, हे तपासायला दुसऱ्या महायुद्धातील जपानी नौदलाच्या ‘झिरो’इतके चांगले उदाहरण नाही, कारण तक्त्यापुरते पाहिले तर १९४० साली या विमानाला जोड नव्हती.

जपानी नौदलाने १९३७ मध्ये नव्या विमानासाठी घातलेल्या अटी परस्परांना छेद देणाऱ्या होत्या. ताशी ५०० किलोमीटर वेग हवा, सहा-आठ तास हवेत राहता यावे, २० मिलिमीटरच्या दोन तोफा हव्यात आणि तरीही जुन्या हलक्या विमानासारखी चपळ वळणे घेता यावीत. नाकाजिमा कंपनीने माघार घेतली. मित्सुबिशीच्या जिरो होरिकोशींनी आव्हान स्वीकारले. हाताशी असलेले इंजिन जेमतेम हजार अश्वशक्तीचे, म्हणून त्यांनी वजनावर घाव घातला. नवी हलकी मिश्रधातू वापरली, सांगाड्यात जिथे शक्य तिथे भोके पाडली. नागोयाच्या कारखान्यातून हे अत्याधुनिक विमान धावपट्टीपर्यंत बैलगाडीतून जाई, कारण खराब रस्त्यांवर ट्रकच्या हादऱ्यांनी त्याला इजा होण्याची भीती होती.

१३ सप्टेंबर १९४० रोजी चोंगचिंगजवळ १३ झिरोंनी एकही विमान न गमावता चिनी विमानांची दाणादाण उडवली. ५ एप्रिल १९४२ रोजी कोलंबोवर ब्रिटिशांच्या हरिकेन विमानांचाही त्यांच्यापुढे टिकाव लागला नाही.

मात्र वाचवलेल्या वजनात दोन गोष्टी गेल्या होत्या: वैमानिकाच्या पाठीमागचे चिलखत आणि गोळी लागल्यावर भोक आपोआप बुजवणारी इंधनटाकी. झिरोला नेमकी गोळी लागली की ते पेट घेई. याचा दोष एकट्या होरिकोशींवर टाकणे अन्यायाचे होईल. अटी नौदलाच्या होत्या, चपळतेचा आग्रह खुद्द वैमानिकांचाही होता.

येथे अमेरिकेच्या हेलकॅटशी तुलना करण्याची प्रथा आहे. ती बरोबर नाही. हेलकॅट नंतर आले आणि त्याचे इंजिन दोन हजार अश्वशक्तीचे होते. तुलना करायची तर समकालीन वाइल्डकॅटशी करावी. वाइल्डकॅट झिरोपेक्षा जड, चढाईत मंद, वळणात कमी. पण ते मार खाऊन परत येई. जॉन थॅच या अधिकाऱ्याने दोन-दोन विमानांनी एकमेकांकडे वळून परस्परांची पाठ राखण्याचा डाव बसवला. १९४२च्या जूनमध्ये मिडवेच्या लढाईत तो उपयोगी पडला. त्यानंतर थॅच यांना नव्या वैमानिकांना शिकवण्यासाठी मायदेशी पाठवण्यात आले.

माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर याच तपशिलात आहे. जिवंत परतलेला वैमानिक एक विमान वाचवतो, एवढेच नाही. तो आपला अनुभव पुढच्या दहाजणांना देतो. झिरोतले वैमानिक युद्धारंभी जगातल्या सर्वोत्तमांपैकी होते, पण संख्येने मोजके होते. ते एकेक करून समुद्रात गेले आणि त्यांची विद्याही त्यांच्याबरोबर गेली. जून १९४४ मध्ये फिलिपाइन समुद्रातील लढाईत जपानची शेकडो विमाने पडली, तेव्हा त्यांतले बहुसंख्य वैमानिक अपुऱ्या शिक्षणाचे होते. झिरोच्या नंतरच्या आवृत्त्यांत थोडे संरक्षण आले खरे, पण इंजिनाची ताकद त्या मानाने वाढली नव्हती.

ऑक्टोबर १९४४ मध्ये त्याच झिरोला २५० किलोंचा बॉम्ब बांधून वैमानिकासह शत्रूच्या जहाजांवर आदळवण्यास सुरुवात झाली. आत्मघाताचा तो निर्णय सेनानींचा होता, विमानाच्या आराखड्याचा नव्हे. तरीही माणसाच्या परतीला दुय्यम मानणारी वृत्ती दोन्हींकडे दिसते. फरक इतकाच की १९३७ मध्ये ती अटींमधून गाळलेली होती आणि १९४४ मध्ये ती आदेशात लिहिली गेली.

झिरो देखणे होते, अभियांत्रिकीचा अव्वल नमुना होते. त्याला थोर म्हणायला मात्र मी कचरतो. लढाऊ विमानाच्या तक्त्यात एक रकाना वाढवायला हवा: घाव लागल्यावर आतला माणूस घरी येतो का? हा रकाना रिकामा ठेवणाऱ्याने बाकीचे सगळे जिंकले, तरी त्याचे यश फार काळ टिकत नाही.