माळढोक संवर्धन आणि शासकीय निधी : लेखाशीर्षाच्या मर्यादांची चिकित्सा

प्रास्ताविक

संकटग्रस्त प्रजातींच्या संवर्धनाची चर्चा बहुधा एकाच तक्रारीपाशी येऊन थांबते : शासनाची आर्थिक तरतूद अपुरी आहे. या तक्रारीत तथ्य आहे. परंतु तेवढ्याने प्रश्नाचा उलगडा होत नाही. निधी किती, याबरोबरच तो कोणत्या लेखाशीर्षाखाली, कोणत्या वर्गाच्या जमिनीवर आणि कोणत्या फलिताच्या अपेक्षेने खर्च होतो, हेही तपासावे लागते. माळढोक या पक्ष्याच्या संदर्भात ही तपासणी विशेष आवश्यक ठरते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. त्याच्यासाठी स्वतंत्र अभयारण्ये घोषित झाली, योजना आखल्या गेल्या. तरीही २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याचा समावेश अतिसंकटग्रस्त प्रजातींत केला आणि २०१८ च्या सुमारास देशातील एकूण संख्या दीडशेच्या आत असल्याचा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेने व्यक्त केला. महाराष्ट्रातून तर तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. कायदा आणि योजना असताना हे का घडले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभयारण्याचे क्षेत्र आणि जमिनीची मालकी

सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. नान्नज हे त्याचे सर्वपरिचित केंद्र. कागदावर हे क्षेत्र प्रचंड होते. प्रत्यक्षात त्यात अनेक गावे, बाजारपेठा, रस्ते आणि खाजगी शेती समाविष्ट होती. वनखात्याच्या ताब्यातील माळराने तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती. अभयारण्यातील निर्बंध शेतकऱ्याला लागू झाले, मात्र त्या निर्बंधांची भरपाई करणारी कोणतीही कायमस्वरूपी तरतूद अंदाजपत्रकात नव्हती. परिणामी ज्या पक्ष्याला शेतकरी आजवर आपल्या ज्वारीच्या रानात निर्धोक फिरू देत होता, तोच त्याला जमिनीच्या व्यवहारातील अडथळा वाटू लागला. पुढे अभयारण्याचे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले.

मध्य प्रदेशातील करेरा येथे याहून कठोर धडा मिळाला. १९८१ मध्ये माळढोकासाठी घोषित झालेल्या या अभयारण्यातही खाजगी जमिनीचा मोठा भाग होता. स्थानिकांचा रोष वाढत गेला आणि १९९० च्या दशकात तेथून माळढोक नाहीसा झाला. कालांतराने अभयारण्यही रद्द करण्यात आले. क्षेत्र घोषित करण्यास खर्च येत नाही. त्या क्षेत्रातील माणसांचे नुकसान भरून देण्यास येतो. या दोन्ही ठिकाणी पहिले काम झाले आणि दुसऱ्यासाठी लेखाशीर्षच निर्माण झाले नाही.

एकाच माळावरील परस्परविरोधी खर्च

नान्नजच्या इतिहासातील एक तपशील या दृष्टीने बोलका आहे. येथील काही गवताळ भूखंड १९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली विकसित झाले. हा कार्यक्रम पक्ष्यांसाठी नव्हता. दुष्काळी भागात माती, पाणी आणि चारा टिकवणे हा त्याचा हेतू होता. भूखंड चराईपासून राखले गेले, गवत वाढले आणि माळढोकाला विणीसाठी सुरक्षित जागा मिळाली. म्हणजेच वन्यजीव संवर्धन असे नाव नसलेल्या निधीतून या पक्ष्याला मोठा लाभ झाला. पुढे अशाच भूखंडांवर गिरिपुष्पासारख्या झाडांची लागवड झाली, तेव्हा त्यातील काही लाभ ओसरला. माळढोक हा मोकळ्या मैदानाचा पक्षी आहे. तो जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. दूरवर नजर पोचणे हेच त्याच्या संरक्षणाचे साधन असते. झाडांची दाटी झाली की तो ती जागा सोडतो.

येथे शासनव्यवहारातील एक मूलभूत गृहीतक उघड होते. झाड म्हणजे वन आणि झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक, असे हे गृहीतक आहे. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. पुढे देशाच्या पडीक जमिनींचे नकाशासंग्रह प्रसिद्ध झाले, त्यांतही माळरानांचा मोठा हिस्सा पडीक या सदरात गेला. पडीक ठरलेली जमीन विकासास पात्र ठरते. तिच्यावर रोपवन करता येते, सलग समतल चर खोदता येतात, ती प्रकल्पांना देता येते. महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची उद्दिष्टे अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी अशी वाढत गेली. इतकी रोपे लावायची तर मोकळी सार्वजनिक जमीन हवी आणि ती प्रामुख्याने माळ व गायरान या स्वरूपातच शिल्लक होती. रोपे मोजता येतात आणि अहवालात दाखवता येतात. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते टिकून राहिली, हे दाखवणारा रकाना अहवालात नसतो.

सिंचनाच्या बाबतीतही हेच आढळते. उजनी धरणानंतर सोलापूर जिल्ह्यात ऊस आणि फळबागा वाढल्या. कोरडवाहू ज्वारी, करडई, हरभरा यांचे क्षेत्र आक्रसले. शेतकऱ्याने अधिक उत्पन्नाचा मार्ग निवडला यात त्याचा दोष नाही. परंतु कोरडवाहू शेती हा माळढोकाच्या चाऱ्याचा आणि वावराचा भाग होता. सिंचनावरील शासकीय खर्च आणि वन्यजीवांवरील शासकीय खर्च एकाच तालुक्यात विरुद्ध दिशांनी काम करत होते आणि दोहोंचा ताळा मांडण्याची जबाबदारी कोणत्याही खात्यावर नव्हती.

निधीची चौकट

२००८-०९ पासून वन्यजीव अधिवासांच्या एकात्मिक विकासाच्या केंद्र पुरस्कृत योजनेत तीन घटक आले : संरक्षित क्षेत्रांना साहाय्य, त्यांच्या बाहेरील वन्यजीवांचे संरक्षण आणि अतिसंकटग्रस्त प्रजातींसाठी पुनरुज्जीवन कार्यक्रम. तत्त्वतः दुसरा आणि तिसरा घटक माळढोकासाठी नेमके उपयुक्त होते. त्याआधी २००६ मध्ये नियोजन आयोगाच्या गवताळ प्रदेश व वाळवंटविषयक कृतिगटानेही या अधिवासांच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले होते. तथापि योजनेची कार्यपद्धती जुनीच राहिली. राज्याने वार्षिक आराखडा सादर करायचा, केंद्राने मंजुरी द्यायची, हप्ता मिळाल्यावर खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचे. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. माळावरील कामे पावसापूर्वी व्हावी लागतात आणि पावसाळ्यात विणीच्या वेळी तेथे शांतता लागते. मंजुरीला उशीर झाला की खर्च वर्षअखेरीस उरकला जातो. अशा वेळी कुंपण, मनोरे, रस्ते यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे, कारण ती कामे कोणत्याही महिन्यात करता येतात.

२०१६ मध्ये माळढोकाच्या अधिवास सुधारणेसाठी आणि संवर्धन प्रजननासाठी सात वर्षांकरिता ३३.८५ कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर झाला. हा निधी कॅम्पा या संक्षिप्त नावाने परिचित असलेल्या पर्यायी वनीकरण निधीतून आला. वनजमीन अन्य कामांसाठी देताना वसूल केलेल्या रकमांतून तो उभा राहतो. २०१९ मध्ये याच निधीतील सुमारे ४७,४३६ कोटी रुपये राज्यांकडे वर्ग करण्यात आले. दोन्ही रकमांचे हेतू भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना योग्य नव्हे. तरीही ज्या निधीतून माळढोकाची पिल्ले वाढवली जातात, त्याच निधीचे मुख्य प्रयोजन झाडे लावणे हे आहे, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

यश आणि त्याची मर्यादा

या कार्यक्रमाला यश आले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून अंडी गोळा करून पिल्ले वाढवण्यात आली. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्माला आले. सात वर्षांची सलग तरतूद आणि एका संस्थेकडे निश्चित जबाबदारी असल्याने हे साध्य झाले. मात्र प्रजनन केंद्र चौकटीत बसते, माळ बसत नाही. केंद्राला इमारत, उबवण यंत्रे आणि कर्मचारी लागतात. त्यांचा हिशेब ठेवता येतो. ही पिल्ले ज्या प्रदेशात सोडायची, तेथील वीजवाहिन्या दुसऱ्या खात्याच्या अखत्यारीत येतात. थरमध्ये वीजतारांना धडकून वर्षाला सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी तारा भूमिगत करण्याचा व्यापक आदेश दिला आणि २१ मार्च २०२४ रोजी त्यात बदल करून तज्ज्ञ समिती नेमली. खात्याखात्यांतील जो मेळ अंदाजपत्रकाने घालायचा, तो न्यायालयाला घालावा लागला.

व्याघ्र प्रकल्पाशी तुलना येथे उपयुक्त ठरते. १९७३ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पास सातत्याने निधी मिळाला. २००६ च्या गणनेतील १,४११ ही वाघांची संख्या २०२२ मध्ये ३,६८२ पर्यंत गेली. गणनेची पद्धत आणि व्याप्ती बदलली हे लक्षात घेतले तरी प्रगती निर्विवाद आहे. परंतु व्याघ्र राखीव क्षेत्रांचा गाभा बहुतांशी वनखात्याच्या जमिनीवर आहे. माळढोकाची जमीन वन, महसूल, ग्रामपंचायत आणि शेतकरी यांच्यात वाटलेली आहे. वाघासाठी यशस्वी ठरलेली चौकट माळावर जशीच्या तशी लागू करणे, हीच धोरणाची मूळ चूक होय.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, गवताळ माळांना पडीक या वर्गातून वगळून स्वतंत्र अधिवास म्हणून नोंदवल्याशिवाय वाढीव निधीही त्यांच्या विरोधात खर्च होण्याचा धोका राहील. दुसरी, अधिवासाच्या परिसरात कोरडवाहू पिके राखणाऱ्या शेतकऱ्याला आणि चराईचे वेळापत्रक पाळणाऱ्या धनगर समाजाला थेट मोबदला देणारे लेखाशीर्ष असावे. निर्बंध लादण्यापेक्षा ते अधिक परिणामकारक ठरेल. तिसरी, एखाद्या तालुक्यातील सिंचन, वनीकरण, ऊर्जा आणि वन्यजीव यांवरील खर्चाचा एकत्रित ताळेबंद मांडला जावा.

महाराष्ट्रातील माळढोकासाठी या सूचनांना कदाचित उशीर झाला असेल. परंतु त्याच माळांवर लांडगा, खोकड, काळवीट आणि धाविक यांचा वावर अद्याप आहे, तसेच मेंढपाळांची उपजीविकाही आहे. निधीची चौकट बदलली नाही, तर त्यांच्याबाबतीतही तरतूद होईल, खर्च होईल, प्रमाणपत्रे सादर होतील आणि माळ मात्र हातचा जाईल.