धडकेचा आकडा कोणाचा?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग वरचेवर मांडलेला दिसतो. सिमेंट-वाळूची एक लहान तुळई, तिच्या पोटात दोन बारीक सळया, दोन्ही टोकांना विटांचा आधार. वरून नळीतून लोखंडी वजन सोडायचे आणि शेजारच्या तक्त्यावर 'तुळईने सोसलेले बल' म्हणून एक आकडा लिहायचा. प्रयोग चांगला आहे. तो करणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या शिक्षकांचे कौतुकच करायला हवे. आमचा आक्षेप आहे तो तक्त्यावरच्या त्या आकड्याला.

आक्षेप किरकोळ नाही. माळशिरस तालुक्यातील श्रीपूरचे उदाहरण घेऊ. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे हे नाव साखरधंद्याशी जोडले गेले. अशा गावात गळिताचा हंगाम आला की उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रीघ लागते. चाक खड्ड्यातून उसळून मोरीच्या स्लॅबवर आदळते, ट्रॉलीचा कोपरा कठड्याला बसतो. तिथल्या मुलांना 'धडक' हा शब्द पुस्तकातून शिकवावा लागत नाही. म्हणूनच धडक सोसणाऱ्या काँक्रीटचा आकडा त्यांच्यापुढे ठेवताना तो कशाचा आहे हे नेमके सांगायला हवे.

हा आकडा साधारणपणे तीन प्रकारे काढलेला आढळतो.

पहिला प्रकार सरळ चुकीचा. ५ किलोग्रॅमचे वजन सोडले, म्हणून बल ५ × ९.८ = ४९ न्यूटन! हे तर ते वजन तुळईवर अलगद ठेवले असतानाचे बल. हातोडी खिळ्यावर नुसती टेकवली तर खिळा आत जात नाही, हे सुताराच्या मुलालाही ठाऊक असते.

दुसऱ्या प्रकारात ऊर्जेलाच बल म्हटले जाते. ५ किलोग्रॅमचे वजन १ मीटरवरून पडले की त्याची गतिज ऊर्जा ४९ ज्यूल होते. हा हिशेब बरोबर आहे, पण ज्यूल म्हणजे न्यूटन नव्हे. बल मिळवण्यासाठी वजन किती अंतरात थांबले ते कळायला हवे. ओल्या शाडूच्या गोळ्यात ते १ सेंटिमीटर रुतून थांबले, तर सरासरी बल सुमारे ५,००० न्यूटन येते. १ मिलिमीटरमध्येच थांबले, तर तेच बल सुमारे ४९,००० न्यूटन होते. वजन तेच आणि उंचीही तीच असताना बल दहापट झाले. याचा अर्थ, धडकेचे बल हा केवळ पडणाऱ्या वस्तूचा गुण नाही. ते आदळणारी वस्तू आणि तिला अडवणारी वस्तू या दोघींनी मिळून ठरते.

तिसरा प्रकार अधिक शहाणा. १ मीटरवरून पडलेल्या वजनाचा वेग सुमारे ४.४ मीटर प्रतिसेकंद आणि संवेग सुमारे २२ एकक. हा संवेग ०.००१ सेकंदात शून्यावर आला, तर सरासरी बल २२,००० न्यूटन. पण इथेही दोन प्रश्न उरतात. तो हजारावा भाग मोजला कोणी? घड्याळाने तो मोजता येत नाही, म्हणजे तो अंदाजाने घेतलेला असतो आणि उत्तर सर्वस्वी त्या अंदाजावर टांगलेले असते. शिवाय हे सरासरी बल झाले. बल शून्यापासून चढून पुन्हा शून्यावर उतरते. चढउताराचा आलेख साइन वक्राच्या अर्ध्या लाटेसारखा मानला, तर कमाल बल सरासरीच्या सुमारे १.५७ पट, म्हणजे जवळजवळ ३५,००० न्यूटन भरेल.

कोणी म्हणेल, शाळेत साधने नाहीत म्हणून हा घोळ होतो. आदळणाऱ्या वजनाच्या टोकाला लोड सेल लावला की प्रश्न मिटला! खरी गंमत इथेच आहे. उत्तम लोड सेल लावून आलेला आकडाही तुळईच्या ताकदीचा नसतो.

का ते पाहू. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे वजनावर जेवढे बल, तेवढेच तुळईवर. हे खरेच आहे. पण त्या बलाला दोन कामे करावी लागतात. स्थिर असलेल्या तुळईला एकाएकी खाली ढकलून गती द्यायची, आणि तिला वाकवायचे. सावकाश भार चढवला तर पहिले काम जवळजवळ नसतेच. धडकेत मात्र सुरुवातीला तेच मोठे असते. कॅरमच्या सोंगट्यांची चवड रचून तळाची सोंगटी स्ट्रायकरने उडवली तर वरच्या सोंगट्या जागीच बसतात. तेच जडत्व इथे आडवे येते.

एक हिशेब करू. १ मीटर लांब आणि १० × १० सेंटिमीटर छेदाची सलोह काँक्रीटची तुळई सुमारे २५ किलोग्रॅमची असते. तिचा मध्य सर्वांत जास्त हलतो, टोके आधारावर स्थिर राहतात. मध्यापासून टोकापर्यंत हालचाल सरळ रेषेत कमी होत जाते असे मानले, तर मध्याशी जणू एक तृतीयांश वस्तुमान, म्हणजे सुमारे ८.३ किलोग्रॅम, हलते असे गणिताने दाखवता येते. समजा, एका क्षणी लोड सेल २०,००० न्यूटन दाखवतो आणि मध्याचे त्वरण २,००० मीटर प्रतिसेकंद वर्ग आहे. मग जडत्वासाठी खर्ची पडलेले बल ८.३ × २,००० = १६,६०० न्यूटन. वाकवण्यासाठी उरले फक्त ३,४००! तक्त्यावर २०,००० लिहिले, तर आपण तुळईला जवळजवळ सहापट बलवान ठरवले.

ही अडचण संशोधकांपुढेही होती. १९८० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सुरेंद्र शाह आणि त्यांच्या सहकाऱ्याने वजन आणि तुळई यांच्यामध्ये रबराची गादी ठेवून जडत्वाचा भाग कमी केला. युक्ती सोपी, पण तिची किंमत मोजावी लागते. गादीमुळे धडक मंदावते, आणि काँक्रीटची ताकद तर भार किती वेगाने येतो यावरही अवलंबून असते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात बेंटूर, मिंडेस आणि नेमकुमार बांठिया यांनी दुसरा मार्ग धरला. ३४५ किलोग्रॅमचा घण वापरला, तुळईवर त्वरणमापक बसवले आणि जडत्वाचे बल काढून वजा केले. त्यांची पद्धत १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. आम्हांला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. अडचण झाकण्यापेक्षा ती मोजलेली बरी.

आधारांखालीही लोड सेल ठेवले, तर आणखी एक गोष्ट दिसते. वजन आदळते त्या क्षणी आधारांना धडकेची खबरच नसते. ती तिथवर पोहोचायला वेळ लागतो, आणि सुरुवातीला टोके किंचित उचललीही जाऊ शकतात. त्यामुळे सावकाश भाराखाली वाकून निकामी होणारी तुळई जोरदार धडकेत आघाताच्या जागेजवळ तिरकस तडे जाऊन निकामी होऊ शकते. मोजणीतली चूक अशी थेट बांधकामापर्यंत पोहोचते.

उपकरणाच्या वेगाकडेही पाहायला हवे. धडक एक हजारांश सेकंदाची आणि उपकरण सेकंदाला हजार नोंदी घेणारे, तर हाती एक-दोन ठिपके लागतील. शिखर त्यांच्यामधून निसटून जाईल.

मग शाळेने हा प्रयोग सोडून द्यावा का? मुळीच नाही. आपल्या प्रयोगशाळांतली एक जुनी चाचणी इथे वाट दाखवते. आयएस २३८६ या मानकाच्या १९६३ च्या चौथ्या भागात खडीची आघात चाचणी आहे. १३.५ ते १४ किलोग्रॅमचा घण ३८० मिलिमीटरवरून १५ वेळा सोडायचा आणि २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून किती टक्के चुरा पडतो ते पाहायचे. ही चाचणी बल सांगण्याचा आवच आणत नाही. ती खडीची खडीशी तुलना करते, आणि तेवढ्यासाठी ती चोख आहे.

शाळेतही हेच करता येईल. सारख्या मिश्रणाच्या, सारख्या दिवसांच्या तुळया घ्याव्यात, काही सळईच्या, काही बिनसळईच्या. काहींच्या मध्याला बादली टांगून तीत सावकाश वाळू भरावी आणि पहिला तडा पडताच बादली तोलावी. हे बल खरोखर मोजलेले असेल. उरलेल्यांवर ठरावीक उंचीवरून वजन सोडून पहिल्या तड्यापर्यंतचे आणि निकामी होईपर्यंतचे ठोके मोजावेत. बिनसळईची तुळई तुटून दोन तुकडे होतात, तर सळईची तडकूनही धरून राहते. हा फरक मुलांना कोणत्याही आकड्याशिवाय दिसेल. मात्र डोळ्यांना चष्मा हवा आणि पाय दूर हवेत.

तक्त्यावर मग लिहावे: वजन इतके, उंची इतकी, ऊर्जा इतकी, ठोके इतके. 'बल' या शब्दापुढची जागा कोरी सोडावी. परीक्षक विचारतील, 'हे रिकामे का?' त्या प्रश्नाचे उत्तर ज्या विद्यार्थ्याला देता येईल, त्याला संवेग, जडत्व आणि मापन हे तिन्ही धडे समजले आहेत असे आम्ही खुशाल मानू.