शेवट नसलेली मालिका आणि शेवट लिहिणारे प्रेक्षक : ‘डोरेमॉन’च्या अर्थग्रहणाविषयी काही विचार

बालसाहित्याची समीक्षा मराठीत अल्प प्रमाणात का होईना, होत आलेली आहे. बालकांसाठी निर्माण होणाऱ्या अ‍ॅनिमेशन मालिकांच्या वाट्याला मात्र समीक्षेपेक्षा तक्रारच अधिक आली. पालकसभेत किंवा प्राध्यापक कक्षात ‘डोरेमॉन’ या जपानी मालिकेविषयी जे बोलले जाते ते बहुधा एका वाक्यात सामावते : ही मालिका पाहून मुले आळशी होतात. मुले खरोखरच आळशी होतात काय, हे ठरविण्याचे साधन साहित्याच्या अभ्यासकाजवळ नाही. परंतु या तक्रारीमागे नोबिता या पात्राचा एक विशिष्ट अर्थ लावलेला आहे आणि लावलेला अर्थ संहितेवर तपासून पाहणे हे तर त्याचे कामच आहे. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न केला आहे.

फुजिको एफ. फुजिओ (मूळ नाव हिरोशी फुजिमोतो, १९३३-१९९६) यांची ही चित्रकथा १९७० पासून जपानमधील शालेय इयत्तावार मासिकांतून प्रसिद्ध होऊ लागली. १९७३ चे पहिले दूरचित्रवाणी रूपांतर अल्पजीवी ठरले. १९७९ च्या रूपांतराने तिला खरी लोकप्रियता दिली. महाराष्ट्रातील मुले ती प्रामुख्याने हिंदीतून पाहत आली आहेत. कथासूत्र परिचित आहे. नोबिता अभ्यासात, खेळात आणि धैर्यात कच्चा. मोठेपणी त्याची कंपनी जळते आणि एवढे कर्ज होते की ते नातवाच्या नातवालाही फिटत नाही. तो वंशज बाविसाव्या शतकातून डोरेमॉन या यंत्रमांजराला नोबिताला सुधारण्यासाठी पाठवितो. मालिकेच्या मुळाशी असे एक न फिटलेले कर्ज आहे, हे आपण सहसा विसरतो.

प्रेक्षक संदेशाचा पुरस्कृत अर्थ स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा त्याला विरोध करतो, अशी मांडणी स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये केली. ‘डोरेमॉन’च्या बाबतीत अडचण अशी की, पुरस्कृत अर्थ कोणता यावरच एकमत नाही. २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने याच डोरेमॉनला ‘अ‍ॅनिमे राजदूत’ नेमले. २०१३ मध्ये बांगलादेशात मुले हिंदी बोलू लागल्याच्या तक्रारीवरून त्याचे हिंदी प्रसारण थांबविण्यात आले. २०१६ मध्ये पाकिस्तानातील पंजाब विधानसभेत मालिकेवर बंदी मागणारा ठराव दाखल झाला. बांगलादेशातील आक्षेप पात्रावर नव्हता, भाषेवर होता. मराठी घरांतील मुले शाळेत हिंदी शिकण्यापूर्वीच नोबिताची हिंदी बोलतात हे पाहता तो आपल्यालाही अगदी परका नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आळसाच्या आरोपाकडे वळू. पाठांतराच्या पावाची कथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पुस्तकाच्या पानावर पाव दाबावा, तो खावा, पान पाठ होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी नोबिता इतके पाव खातो की त्याचे पोट बिघडते आणि पाठ झालेले सारे पोटाबाहेर जाते. दुसऱ्या एका कथेत नकोशा माणसाला नाहीसे करणारे बटण नोबिताच्या हाती येते. प्रथम जियान जातो, मग एकेक करून इतर. अखेरीस झोपेच्या गुंगीत तो साऱ्या जगालाच नाहीसे करतो आणि रिकाम्या गावात एकटा उरतो. हे साधन हुकूमशहांना अद्दल घडविण्यासाठीच बनविलेले होते, असे डोरेमॉन शेवटी सांगतो. या कथांत साधन मिळणे हा केवळ पूर्वार्ध आहे. आक्षेपकांनी बहुधा पूर्वार्धच पाहिलेला असतो. स्वयंपाकघरातून येता-जाता तेवढाच दिसतो, हेही खरे.

मुले उत्तरार्ध पाहतात. इयत्ता चौथीतील माझ्या भाच्याला, तुला असा पाव हवा का, असे मी विचारले. “हवाच. पण एवढे पाव कोण खातं? बावळट आहे तो,” असे तो म्हणाला. एका मुलाच्या उत्तरावरून सिद्धांत मांडता येत नाही. तथापि नोबिताशी तादात्म्य पावणे आणि त्याला हसणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडू शकतात, एवढे त्यातून निश्चित दिसते.

असे असले तरी पालकांचा अर्थ सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. त्याचे मूळ पात्रात नसून मालिकेच्या रचनेत आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील श्यामही पोहायला भितो, लपून बसतो, आईचा मार खातो. पण हे सारे मोठा झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र सांगतो. त्यामुळे प्रत्येक चूक ही फिटलेली चूक असते. नोबितालाही पोहता येत नाही, परंतु त्याची गोष्ट सांगणारा मोठा नोबिता नाही. आज घडलेली अद्दल पुढच्या भागात पुसली जाते व शून्य गुण पुन्हा शून्यच राहतात. बोध होतो, पण साठत नाही. श्यामवर वाढलेल्या वाचकाला ही रचना खटकली तर नवल नाही.

नेमकी हीच उणीव मोठ्या झालेल्या प्रेक्षकांनी आपल्या परीने भरून काढलेली दिसते. निर्मात्याने मालिकेला अंतिम शेवट दिला नाही. प्रेक्षकांनी ते दिले. १९८० च्या दशकात जपानमध्ये अशी वदंता पसरली की, नोबिता दीर्घ बेशुद्धीत आहे आणि डोरेमॉन हे त्याचे स्वप्न आहे. दुसरा शेवट अधिक लोभस आहे. डोरेमॉनची बॅटरी संपते. ती बदलल्यास त्याची स्मृती जाणार असते. म्हणून नोबिता अभ्यास करून शास्त्रज्ञ होतो आणि अनेक वर्षांनी त्याला स्वतः दुरुस्त करतो. २००५ मध्ये एका चाहत्याने यावर चित्रपुस्तिका काढली, ती चांगली खपली; प्रकाशनसंस्थेने आक्षेप घेतल्यावर २००७ मध्ये त्याला माफी मागून भरपाई द्यावी लागली. कायदा प्रकाशकाच्या बाजूने असेल. समीक्षेच्या दृष्टीने मात्र ही पुस्तिका आळसाच्या आरोपाला एका प्रेक्षकाने दिलेले उत्तर आहे : मूळ कथेतले कर्ज इथे नोबिता स्वतः फेडतो.

फुजिओ यांनी १९७४ मध्ये निरोपाची एक कथा लिहिली होती. डोरेमॉन निश्चिंतपणे परत जावा म्हणून नोबिता कोणतेही साधन न घेता जियानशी झुंजतो, मार खातो, पण हटत नाही. पुढच्याच महिन्यात डोरेमॉन परतला, तोही ‘बोललेले खोटे ठरविणाऱ्या’ औषधामुळे : ते प्यालेला नोबिता म्हणतो की डोरेमॉन आता येणार नाही, आणि तो येतो. ही झुंज मला सर्व चाहत्यांच्या शेवटांपेक्षा सरस वाटते, कारण तीतले यश केवळ चिकाटीचे आहे. २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ या चित्रपटाने ती घेतली. मात्र नोबिता सुखी झाल्याखेरीज डोरेमॉनला परत जाता येऊ नये अशी यांत्रिक सक्तीही त्यात घातली, आणि सुख म्हणजे शिझुकाशी विवाह असे ठरवून टाकले.

येथे एक आक्षेप उरतोच. बॅटरीच्या शेवटात आणि या चित्रपटातही शिझुका नोबिताच्या सुधारणेची पावती म्हणून येते. मूळ कथांत ती व्हायोलिन अत्यंत बेसूर वाजवते आणि तरीही तिला तेच वाजवायचे असते. आईला मात्र तिने पियानो वाजवावा असे वाटते. लग्नाच्या आदल्या रात्रीच्या कथेत ती वडिलांना सोडून जाण्याच्या विचाराने व्याकूळ होते, तेव्हा जावयाच्या सहृदयतेची ग्वाही वडील देतात. शिझुका मोठेपणी व्हायोलिन वाजवते की नाही, याची चौकशी यांपैकी कोणताही शेवट करत नाही.