भूल, जागृती आणि स्मरण : एका प्रबंधाच्या परिभाषेचे परीक्षण

शस्त्रक्रिया चालू असता रुग्णाच्या मेंदूतील विद्युत्-स्पंदने कपाळावरील पट्टीतून टिपून भुलेची खोली ० ते १०० या अंकांत सांगणारे ‘बायस्पेक्ट्रल इंडेक्स’ हे साधन अमेरिकेत १९९६ पासून मान्यता पावलेले आहे. ४० ते ६० ही मर्यादा इष्ट समजली जाते. या साधनाची परीक्षा पाहणारा मायकेल अ‍ॅविडन व सहकारी यांचा प्रबंध २००८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दोन हजार रुग्णांपैकी निम्म्यांची भूल या अंकावरून, निम्म्यांची उच्छ्वासातील भूलद्रव्याच्या प्रमाणावरून राखली गेली. जागृतीची निश्चित उदाहरणे दोन्ही गटांत प्रत्येकी दोन आढळली. यंत्राचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, हा निष्कर्ष संयत असून तो स्वीकारण्यास प्रत्यवाय नाही. आमचा आक्षेप आहे तो ‘जागृती’ या पदाविषयी.

ही जागृती ठरविली कशी? महिन्याभरात तीन वेळा रुग्णास प्रश्न विचारून : झोपेपूर्वीचे शेवटचे काय आठवते, जागे झाल्यावरचे पहिले काय, आणि मधले काही आठवते काय? अर्थात् येथे मोजले गेले ते स्मरण. व्याख्येत ही अट आहे, हे मान्य; परंतु शीर्षकातून ती गळाली आहे, आणि वाचकाच्या मनात राहते ते शीर्षकच.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. टन्स्टॉल यांनी १९७७ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत एका हाताला पट्टा आवळून स्नायू शिथिल करणारे औषध त्या हातात पोहोचू देत नाहीत, आणि मग रुग्णास हात दाबण्यास सांगतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका पाहणीत २६० पैकी ४.६ टक्के रुग्णांनी आज्ञा पाळली. आज्ञार्थी वाक्य ऐकून त्याप्रमाणे वागणारा मनुष्य त्या क्षणी बेशुद्ध होता, असे कोणताही भाषाभ्यासक म्हणणार नाही. मात्र असे करणाऱ्यांपैकी पुष्कळांना नंतर काहीही आठवत नाही. प्रश्नावलीच्या लेखी ते जागे नव्हतेच! (आपल्या ‘भूल’ या शब्दात विस्मरणाचा अर्थ पूर्वीपासूनच आहे, तो अधिक प्रामाणिक म्हणावा काय?)

अंकाचे साक्षित्वही निरपवाद नाही. २०१५ च्या एका प्रयोगात पूर्ण जाग्या अशा १० स्वयंसेवकांना केवळ स्नायुशैथिल्याचे औषध दिले असता तो अंक ६० च्या खाली उतरला. कपाळाच्या स्नायूंचे मौन यंत्राने मेंदूचे मौन म्हणून वाचले. हलता न येणाऱ्या, पण सारे कळणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा वाचनदोष किती भयंकर, हे सांगावयास नको.

म्हणून ‘जागृती’ व ‘स्मृत जागृती’ ही दोन पदे पृथक् योजावीत, आणि अशा प्रबंधांच्या कोष्टकांत त्यांचे रकानेही वेगळे असावेत. पहिला रकाना रिकामा राहिला, तर तो रिकामाच छापावा.