कलम १२५१ आणि साबुदाण्याची खिचडी

धर्म आणि समाज या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक तक्ता हमखास येतो. ‘भारतातील कॅथलिकांचे बंधनकारक सण व उपवास’ असा मथळा, डावीकडे सण, उजवीकडे नियम, आणि खाली आधार म्हणून १९८३ची कॅनन लॉ संहिता. तक्ता दिसतो छान. पण तो ज्या ग्रंथातून उचललाय, तो ग्रंथ उघडून बघा. आज त्या मजकुराचंच परीक्षण करू.

सुरुवात अगदी पहिल्या कलमापासून. ते सांगतं की ही संहिता फक्त लॅटिन चर्चसाठी आहे. बस, ‘भारतातील कॅथलिक’ हा मथळा इथेच कोसळतो. लांब कशाला जा, आपल्या पुण्यातच बघा. १८८६चा पुणे धर्मप्रांत लॅटिन आहे. इथल्या सिरो-मलबार कुटुंबांसाठी १९८८ साली कल्याणचा धर्मप्रांत झाला, आणि सिरो-मलंकारांसाठी २०१५मध्ये खडकीची वेगळी व्यवस्था. या दोघांना १९९०ची पौर्वात्य संहिता लागू होते, आणि ती उपवासाचा तपशील त्या त्या चर्चच्या स्वतःच्या नियमांवर सोपवते. लॅटिन शेजाऱ्याचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, तर सिरो-मलबार कुटुंबाचा सोमवारीच सुरू झालेला असतो. नमुना निवडताना ‘कॅथलिक’ एवढाच रकाना ठेवलात, तर हे सगळे एकाच गोणीत गेले म्हणून समजा.

आता कलम १२४६. इथे रविवारांखेरीज दहा सण दिलेत: नाताळ, तीन राजांचा सण, स्वर्गारोहण वगैरे. तक्त्यात दहाच्या दहा उतरवले जातात. पण लगेच खालचं उपकलम म्हणतं की रोमची पूर्वमान्यता घेऊन त्या देशातल्या महागुरूंची परिषद यातले काही सण वगळू शकते किंवा रविवारी नेऊ शकते. भारतात तीन राजांचा सण, स्वर्गारोहण आणि ख्रिस्तशरीराचा सण रविवारीच येतात. म्हणजे मूळ मजकूर स्वतःच सांगतोय की ही यादी शेवटची नव्हे, आणि आपण मात्र तीच शेवटची धरतो. हा दोष संहितेचा नाही, अर्धं कलम वाचणाऱ्याचा आहे.

या यादीत काय नाही, तेही बघा. गुड फ्रायडे नाही! सरकारी सुट्टी असते, चर्च ओसंडून वाहतं, पण त्या दिवशी हजेरीचं बंधन नाही. त्या दिवशी मिस्साच अर्पण होत नाही, वेगळी उपासना असते. उलट १५ ऑगस्टचा मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण स्वातंत्र्यदिनामुळे आपसूक सुट्टीवर येतो. तेव्हा चर्चमधली गर्दी मोजून ‘नियमपालन’ काढणारा अभ्यास नक्की काय मोजतो? बंधन, सुट्टी की भक्ती? माझ्या मते या तिन्ही गोष्टी वेगळ्या न काढणारं प्रकरण छापायला देऊ नये.

उपवासाची कलमं मात्र खरोखर अपुरी आहेत, आणि इथे टीका संहितेवरच करावी लागते. १२५१ म्हणतं: शुक्रवारी मांस वर्ज्य, आणि राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी मांसवर्ज्य अधिक उपवास. पण उपवास म्हणजे काय, ते संहिता सांगतच नाही. त्यासाठी पोप पॉल सहावे यांच्या १९६६च्या ‘पेनितेमिनी’कडे जावं लागतं. तिथे एक पूर्ण जेवण, आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं खायला मुभा आहे. म्हणजे हिशेब किती खायचं याचा. आपल्याकडच्या उपासात हिशेब काय खायचं याचा असतो: भात नको, साबुदाणा चालेल. मग ‘एकादशी दुप्पट खाशी’ झाली तरी उपास मोडत नाही! मराठी प्रश्नावलीत नुसतं ‘तुम्ही उपवास करता का?’ विचारलंत, तर नाना पेठेतली कॅथलिक आजी कुठल्या अर्थानं ‘हो’ म्हणाली हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

मांस वर्ज्य आणि मासे चालतात यावरून ‘हा नियम युरोपातला, किनाऱ्यावरच्या माणसाला त्यात कसला त्याग?’ असा शेरा बरेचजण मारतात. वसईत पापलेट मिळणाऱ्या घरी शुक्रवार काही जड जात नाही, हे कबूल. पण याच कलमात ‘मांस किंवा महागुरूंच्या परिषदेने ठरवलेला अन्य पदार्थ’ असं म्हटलंय, आणि १२५३ तर त्याऐवजी दानधर्म किंवा प्रार्थना ठरवायची मुभा देतं. टीका करायचीच तर ती मुभा कुठे, किती वापरली गेली, यावर करा. तो खरा संशोधनाचा प्रश्न आहे.

वयाची गंमत सांगतो. उपवासाची सक्ती ‘साठावं वर्ष सुरू होईपर्यंत’ आहे. इंग्रजीतून घेणारे बेधडक ‘६० वर्षांपर्यंत’ लिहितात. मराठीत मात्र ‘साठावं लागलं’ म्हटलं की झालं: ५९ पूर्ण, सुटका. मांसवर्ज्यासाठी मात्र ‘चौदा पूर्ण’ हवेत, ‘चौदावं लागलं’ चालत नाही. एसपीएसएसमध्ये वयोगट पाडण्याआधी हे बघून घ्या.

आणि नियमावरून थेट वर्तनावर उडी मारायची सवय असेल, तर गोव्याच्या इन्क्विझिशनचा १७३६चा हुकूमनामा वाचा. अ. का. प्रियोळकरांच्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ (१९६१) या पुस्तकात त्याची माहिती आहे. त्यात ख्रिस्ती लोकांना एकादशीचा उपवास करायला मनाई केली आहे. बाप्तिस्मा होऊन पिढ्या उलटलेल्या घरांना हे लेखी बजावावं लागलं, याचा अर्थ काय लावायचा? तिथले सगळे एकादशी पाळत होते, असं त्यावरून सिद्ध होत नाही. कुणीच पाळत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. पोटात काय गेलं आणि काय नाही, ते दुसऱ्या कागदांतून शोधावं लागेल.